चक्री करवत घरात कशी आली : टेबल सॉची अडीचशे वर्षे

१/ अमेरिकेतल्या एखाद्या हौशी सुताराच्या गॅरेजमध्ये नवी कॅबिनेट सॉ येते, तेव्हा तिचे वजन सव्वादोनशे किलोंच्या आसपास असते. बिडाचे जाड टेबल, त्याखाली पोलादी पेटी, पेटीत मोटर आणि टेबलाच्या फटीतून डोकावणारी दहा इंची चक्री. मालक पहिले काम करतो ते कापण्याचे नव्हे, मोजण्याचे. चक्री आणि टेबलावरची खाच एकमेकींना समांतर आहेत का? या एका मोजमापामागे तुरुंग, आरमार, दंगल, कायदे आणि न्यायालये असा मोठा इतिहास दडलेला आहे. तो क्रमाने पाहण्यासारखा आहे.

२/ ‘करवत’ हा शब्द संस्कृतातील ‘करपत्र’ शब्दावरून आला. हाताने चालणारे पाते हीच शतकानुशतके करवतीची व्याख्या होती. मोठ्या ओंडक्याच्या फळ्या काढायच्या तर ओंडका खड्ड्यावर आडवा ठेवीत. एक करवत्या वर उभा राही, दुसरा खाली खड्ड्यात. पाते खाली येताना कापी आणि वर जाताना नुसतेच उचलले जाई. म्हणजे निम्मी हालचाल फुकट. खालच्या माणसाच्या डोळ्यांत आणि तोंडात दिवसभर भुसा पडे, तो वेगळाच.

३/ ही मेहनत यंत्रावर सोपवण्याचा विचार फार जुना आहे. आजच्या तुर्कस्तानातील हिएरापोलिस येथे एका शवपेटीवर इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील शिल्प आहे. त्यात पाणचक्कीवर चालणाऱ्या, दगड कापणाऱ्या करवती कोरलेल्या आहेत. चाकाची गोल गती भुजेच्या साहाय्याने पुढेमागे होणाऱ्या गतीत बदलण्याची युक्ती त्यात स्पष्ट दिसते. तेराव्या शतकात व्हिलार द ऑनकूर या फ्रेंच कारागिराने आपल्या चित्रवहीत पाण्यावर चालणारी लाकडाची करवत रेखाटली आहे.

४/ १५९३ साली नेदरलँड्समधील कॉर्नेलिस कॉर्नेलिसझून याने पवनचक्कीवर चालणाऱ्या करवतीचे पेटंट मिळवले. ॲमस्टरडॅममधील करवत्यांच्या संघटनेचा अशा गिरण्यांना विरोध होता, म्हणून त्या शहराबाहेर, झान नदीच्या काठी उभ्या राहिल्या. पुढे तोच परिसर जहाजबांधणीचे मोठे केंद्र बनला. यंत्र, त्याला विरोध आणि यंत्राने वेगळ्या जागी केलेली सुरुवात हा क्रम या कथेत पुन्हा पुन्हा येतो.

५/ इंग्लंडमध्ये विरोध अधिक तीव्र होता. लंडनच्या लाइमहाऊस भागात चार्ल्स डिंगली या लाकूड व्यापाऱ्याने पवनचक्कीवरची करवत गिरणी उभारली. मे १७६८ मध्ये करवत्यांच्या जमावाने ती मोडून टाकली. त्यांचा राग समजण्याजोगा होता. खड्ड्यावरचे कष्ट कितीही वाईट असले तरी तीच त्यांची रोजीरोटी होती. पुढच्याच वर्षी संसदेने गिरण्यांची मोडतोड करणे गंभीर गुन्हा ठरवला. यंत्राच्या मालमत्तेला कायद्याचे संरक्षण मिळाले. यंत्रावर काम करणाऱ्या हातांना ते मिळायला मात्र दीडशे वर्षे लागली.

६/ या सगळ्या करवती सरळ पात्याच्या होत्या. गोल चक्रीचा पहिला लेखी पुरावा १७७७ सालचा. साउदॅम्प्टनच्या सॅम्युअल मिलरने लाकूड आणि दगड कापणाऱ्या यंत्राचे ब्रिटिश पेटंट घेतले. त्यातील करवती गोल आकाराच्या आहेत, हे तो अगदी जाता जाता सांगतो. नवा शोध लावणारा माणूस आपल्या शोधाचा असा ओझरता उल्लेख करत नाही. त्यामुळे चक्री त्याआधीच वापरात असावी आणि मिलरचा दावा ती चालवणाऱ्या यंत्रापुरता असावा, असा इतिहासकारांचा तर्क आहे.

७/ तर्काला आधारही आहे. त्याच साउदॅम्प्टन शहरात वॉल्टर टेलर यांचे घराणे जहाजांच्या कप्प्या बनवीत असे. ब्रिटिश आरमाराला कप्प्या पुरवण्याचा ठेका त्यांच्याकडे होता. शिडाच्या दोऱ्या कप्प्यांतून सुटसुटीत सरकाव्यात म्हणून प्रत्येक तुकडा मापात असणे आवश्यक होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात टेलरांच्या कारखान्यात गोल करवती चालत होत्या. चक्रीचे मूळ असे बंदरात, कप्पी बनवणाऱ्यांच्या कामाशी जोडलेले आहे.

८/ मग टॅबिथा बॅबिटचे काय? इंटरनेटवर तिचे नाव चक्री करवतीची जननी म्हणून सतत झळकते. ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या हार्वर्ड गावातील शेकर पंथीय विणकर. दोघा पुरुषांची करवत ओढताना निम्मी ताकद वाया जाते, हे पाहून तिने चरख्याला दातेरी पत्र्याची तबकडी लावली, अशी कथा आहे. काळ साधारण १८१३ सालचा सांगतात. मिलरचे पेटंट त्याच्या ३६ वर्षे आधीचे आहे.

९/ म्हणजे टॅबिथा पहिली नव्हे. परंतु तिने ही कल्पना स्वतंत्रपणे शोधली असणे अशक्य मुळीच नाही. शेकर समाजात तोच मान इतर सदस्यांनाही दिला जातो. या कथेचे खरे मोल वेगळे आहे. खड्ड्यावरच्या करवतीतला मूळ दोष, म्हणजे परतीची फुकट हालचाल, ती अचूक दाखवते. चक्रीला परतीचा प्रवास नसतो. दाते एकाच दिशेने, अखंड कापत राहतात.

१०/ या लाभाची किंमतही होती. गोल तबकडी थरथरू नये म्हणून जाड ठेवावी लागे, त्यामुळे अधिक लाकूड भुशात जाई. शिवाय मधला आस अडत असल्याने कापाची खोली व्यासाच्या निम्म्याहूनही कमी राही. म्हणून मोठ्या ओंडक्यांसाठी सरळ पाती दीर्घकाळ टिकली. चक्रीने प्रथम जिंकले ते लहान तुकड्यांचे, मापाच्या कामाचे क्षेत्र. पुढे घरगुती कार्यशाळेत पोहोचली तीही याच गुणावर.

११/ आता कथेत सॅम्युअल बेंथम येतो. हा तत्त्वचिंतक जेरेमी बेंथमचा धाकटा भाऊ. रशियात पोटेमकिनच्या चाकरीत असताना अकुशल मजुरांकडून काम करवून घेण्याचा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला. मधोमध बसलेल्या एका निरीक्षकाला सर्व कामगार दिसतील अशा इमारतीची कल्पना त्याला तिथेच सुचली. जेरेमीने तिलाच पॅनॉप्टिकॉन तुरुंगाचे रूप दिले. त्या तुरुंगातले कैदी काम काय करणार? त्यासाठी सॅम्युअलने लाकूडकामाची यंत्रे आखली.

१२/ १७९३ सालच्या त्याच्या पेटंटात आजची टेबल सॉ जवळजवळ पूर्ण दिसते. सपाट बाक, बाकातली फट, फटीतून वर येणारी चक्री, तुकडा टेकवून सरळ ढकलण्यासाठी समांतर मार्गदर्शक आणि तिरका काप घेण्याची सोय. यामागची कल्पना क्रांतिकारक होती. कौशल्य माणसाच्या हातातून काढून यंत्राच्या रचनेत ठेवायचे, म्हणजे न शिकलेला कैदीही अचूक तुकडा कापील. तुरुंग कधीच उभा राहिला नाही. बाक मात्र राहिला.

१३/ १७९६ साली सॅम्युअल आरमाराच्या बांधकामांचा महानिरीक्षक झाला. पोर्ट्समथच्या गोदीत त्याने १७९९ साली वाफेचे इंजिन बसवले. ते दिवसा लाकूडकामाची यंत्रे चालवी आणि रात्री गोदीतले पाणी उपसे. तेवढ्यात मार्क ब्रुनेल हा फ्रेंच निर्वासित कप्प्या बनवणाऱ्या यंत्रांचे आराखडे घेऊन आला. बेंथमने स्वतःची योजना पुढे न रेटता ब्रुनेलची शिफारस केली. १८०२ साली मंजुरी मिळाली आणि यंत्रे घडवण्याचे काम हेन्री मॉड्स्लीकडे गेले.

१४/ एका ७४ तोफांच्या जहाजाला सुमारे हजार कप्प्या लागत. नेपोलियनविरुद्धच्या युद्धकाळात ही गरज प्रचंड होती. पोर्ट्समथमध्ये ४५ यंत्रे उभी राहिली, त्यांत ओंडक्यातून तुकडे पाडणाऱ्या चक्री करवतीही होत्या. १८०८ साली तिथे १ लाख ३० हजार कप्प्या तयार झाल्या. ११० कुशल कारागिरांचे काम १० साधे कामगार करू लागले. याच आरमाराची काही जहाजे मुंबईच्या गोदीत वाडिया घराणे मलबारी सागवानातून बांधीत असे. १८१७ साली तिथे पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये जतन केलेले आहे.

१५/ त्या १० माणसांच्या आकड्याकडे अर्थशास्त्रज्ञ कौतुकाने पाहतात. उरलेल्या शंभरांचे काय झाले, हे त्या आकड्यात दिसत नाही. ब्रुनेललाही सुख लाभले नाही. लंडनच्या बॅटरसी भागात त्याने स्वतःची करवत गिरणी काढली. १८१४ साली ती आगीत भस्मसात झाली आणि १८२१ साली कर्जापायी त्याला तुरुंगाची हवा खावी लागली. कैद्यांसाठी आखलेल्या यंत्रविद्येचा सर्वांत कुशल अभियंता स्वतःच कैदी झाला.

१६/ बाक, चक्री आणि मार्गदर्शक जमले तरी एक मोठी अडचण उरली होती. बाक खरोखर सपाट कसा करायचा? लाकडी बाक पावसाळी हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आक्रसतो. बिडाचे टेबल स्थिर राहते, पण ओतकामातून निघालेला पृष्ठभाग खडबडीत असतो. १८१७ च्या सुमारास रिचर्ड रॉबर्ट्स यांच्यासारख्या कारागिरांनी धातू रंधणारी यंत्रे बनवली. सुताराचा रंधा लाकडाला जे करतो, तेच ही यंत्रे लोखंडाला करू लागली.

१७/ सपाटपणा तपासायचा कशाने, हाही प्रश्न होता. मॉड्स्लीच्या कारखान्यात शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थने त्याची पद्धत १८४० साली ग्लासगोच्या परिषदेत मांडली. दोन पत्रे एकमेकांशी तंतोतंत जुळले तरी एक खोलगट आणि दुसरा फुगीर असू शकतो. तीन पत्रे घेऊन प्रत्येक जोडी आळीपाळीने घासून जुळवली, तर तिन्ही सपाटच असावे लागतात. तीन खोलगट पत्रे एकमेकांशी जुळणे शक्य नाही. कोणत्याही आदर्श नमुन्याविना सपाटपणा जन्माला घालणारी ही युक्ती आजच्या प्रत्येक यंत्राच्या टेबलाखाली उभी आहे.

१८/ एकोणिसाव्या शतकात कारखान्यांच्या छताखाली लांब फिरता दांडा असे आणि त्यावरून चामडी पट्टे प्रत्येक यंत्राकडे उतरत. चक्री उघडी आणि पट्टे उघडे. बोटे गमावलेले सुतार हे त्या काळातले नित्याचे दृश्य होते. दाते हातात घुसणे हा धोका सर्वांना दिसे. त्याहून फसवा दुसरा धोका होता : लाकूड उसळून मागे येणे.

१९/ त्याचे कारण यंत्राच्या भूमितीत आहे. चक्रीचे पुढचे दाते लाकूड खाली दाबत कापतात. मागचे दाते फटीतून वर येतात. लाकडाची चीर मिटून चक्रीला चिमटली, किंवा मार्गदर्शक तिरका असल्याने तुकडा मागच्या दात्यांवर रेटला गेला, की ते दाते त्याला उचलून थेट माणसाच्या दिशेने फेकतात. आजची दहा इंची चक्री मिनिटाला सुमारे ४,००० फेरे घेते. तिच्या कडेचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास भरतो. तुकड्यासोबत हातही चक्रीकडे ओढला जातो.

२०/ उपाय साधा होता. चक्रीच्या मागे तिच्याच रेषेत एक पोलादी पाते उभे करायचे. ते पाचरीसारखे चिरेत शिरून चीर मिटू देत नाही आणि मागचे दाते लाकडापासून दूर ठेवते. त्याला रायव्हिंग नाइफ म्हणतात. ब्रिटनच्या १९२२ सालच्या लाकूडकाम यंत्र नियमांनी कारखान्यांत हे पाते, चक्रीवरचे झाकण आणि तुकडा ढकलण्याची काठी सक्तीची केली. फॅक्टरी निरीक्षक येऊन ते तपासू शकत असे.

२१/ नेमक्या याच काळात यंत्र कारखान्याबाहेर पडू लागले. विजेच्या मोटरीमुळे छताखालचा दांडा अनावश्यक झाला. १९१७ साली जॉन गेट्सने त्रिकोणी छेदाचा व्ही-बेल्ट बनवला, त्यामुळे थोड्या जागेत न घसरता शक्ती पोहोचू लागली. १९१९ साली मिलवॉकी शहरात हर्बर्ट टाउट्झने आपल्या गॅरेजमध्ये एक छोटा उद्योग सुरू केला. तोच पुढे डेल्टा म्हणून प्रसिद्ध झाला. घरच्या कार्यशाळेत मावतील अशी यंत्रे हा त्याचा विषय होता.

२२/ १९३९ साली डेल्टाने ‘युनिसॉ’ बाजारात आणली आणि कॅबिनेट सॉचे रूप जवळपास कायमचे ठरले. तिरका काप घेण्यासाठी जुन्या अनेक यंत्रांत अख्खे टेबल कलत असे, त्यामुळे जड फळी घसरे. इथे टेबल आडवेच राहिले आणि आतला आस चक्रीसह कलू लागला. मोटर व पट्टे बंद पेटीत गेले. मुख्य म्हणजे चक्री पेलणारा सांगाडा पेटीला जोडलेला होता, टेबलाला नव्हे. म्हणून टेबलाचे बोल्ट सैल करून ते किंचित फिरवले, की खाच चक्रीला समांतर आणता येई.

२३/ दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या उपनगरांत घरे वाढली, घरांना गॅरेजे आली आणि गॅरेजांत यंत्रे. पुढे धातुविद्येनेही भर घातली. जर्मनीत १९२० च्या दशकात विकसित झालेले टंगस्टन कार्बाइड चक्रीच्या दात्यांच्या टोकांवर आले आणि धार कित्येक पटींनी टिकू लागली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ॲरिझोनाच्या विल्यम बीझमायरने इंग्रजी टी आकाराचा मार्गदर्शक बनवला. पुढच्या रुळावर तो एकदा आवळला की समांतरच राही. बेंथमच्या पेटंटातले स्वप्न बीझमायरच्या रुळावर पुरे झाले.

२४/ रायव्हिंग नाइफ मात्र वाटेत हरवला. अमेरिकन घरगुती यंत्रांना झाकणाशी जोडलेली एक स्थिर पट्टी मिळे. ती चक्रीबरोबर वर-खाली होत नसे. लाकडात अर्धवट खोलीची खोबण घेताना ती आड येई. मग मालक ती काढून ठेवी आणि पुन्हा लावायचे विसरे. चक्रीसोबत हलणारे खरे पाते नव्या अमेरिकन यंत्रांत मानकांनुसार सक्तीचे होऊ लागले ते २००८ पासून. ब्रिटिश कारखान्यातला नियम अमेरिकन गॅरेजमध्ये पोहोचायला ८६ वर्षे लागली.

२५/ कारण उघड आहे. कारखान्यात मालक, कामगार आणि निरीक्षक असे तीन पक्ष होते. गॅरेजमध्ये एकच माणूस मालक आणि कामगार दोन्ही असतो. निरीक्षक कोणीच नसतो. परिणाम आकड्यांत उतरला. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार २००७-०८ च्या सुमारास टेबल सॉच्या चक्रीने दरवर्षी ३० हजारांहून अधिक लोक रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात पोहोचत. त्यांपैकी सुमारे ४ हजारांचे बोट वा अवयव तुटलेला असे.

२६/ १९९९ साली ऑरेगॉनमधील स्टीव्ह गॅस या पेटंट वकिलाने यावर विचार केला. त्याची डॉक्टरेट भौतिकशास्त्रातली होती. माणसाचे शरीर वीज वाहून नेते, कोरडे लाकूड जवळपास नाही. चक्रीवर सौम्य विद्युत संकेत ठेवला तर स्पर्श होताच तो बदलतो. त्या क्षणी स्प्रिंगने ॲल्युमिनियमचा ठोकळा दात्यांत घुसतो. चक्री सुमारे ५ मिलिसेकंदांत थांबते, म्हणजे पुरता अर्धा फेराही होत नाही. प्रात्यक्षिकात बोटाऐवजी सॉसेज वापरत. त्यावर केवळ ओरखडा उठे.

२७/ मोठ्या कंपन्यांनी हे तंत्र स्वीकारले नाही. स्वामित्वशुल्क, वाढता खर्च, ओल्या लाकडाने ब्रेक विनाकारण सुटण्याची शक्यता अशी कारणे दिली गेली. ती पूर्णपणे पोकळ नव्हती. एकदा ब्रेक सुटला की ठोकळा बदलावा लागतो आणि चक्रीही बहुधा निकामी होते. गॅस आणि सहकाऱ्यांनी ‘सॉस्टॉप’ ही कंपनी काढून २००४ साली स्वतःची कॅबिनेट सॉ विकायला सुरुवात केली. २०१० साली बॉस्टनच्या ज्यूरीने साध्या यंत्रावर हात जखमी झालेल्या, लाकडी फरशी बसवणाऱ्या एका कामगाराला १५ लाख डॉलरची भरपाई दिली. सुरक्षित रचना उपलब्ध असताना ती न वापरणे हा दोष ठरला.

२८/ इथे कथा गुंतागुंतीची होते. हाच संशोधक आपले तंत्र सर्व यंत्रांवर सक्तीचे करावे असा अर्ज २००३ साली सरकारकडे करतो, आणि त्याच तंत्राची पेटंटेही त्याच्याच हाती असतात. सक्ती झाली असती तर साऱ्या उद्योगाला एकाच दारात उभे राहावे लागले असते. एका प्रतिस्पर्धी कंपनीने वेगळ्या पद्धतीची सुरक्षित सॉ आणली, तेव्हा पेटंटभंगाच्या कारणावरून २०१७ साली तिची अमेरिकेतील आयात रोखण्यात आली. ज्या शोधाने बोटे वाचतात, त्याच्याच कुंपणाने आणखी एक वाचवणारे यंत्र बाजाराबाहेर गेले.

२९/ २०२४ साली सॉस्टॉपने जाहीर केले, की सक्तीचा नियम लागू झाल्यास आपले कळीचे पेटंट जनतेसाठी खुले करू. लाइमहाऊसच्या दंगलीपासूनचा प्रश्न तोच आहे. यंत्राचा लाभ कोणाला आणि त्याची किंमत कोणी मोजायची? १७६८ साली ती किंमत रोजगाराची होती. पोर्ट्समथमध्ये ती कौशल्याची होती. गॅरेजमध्ये ती बोटांची झाली.

३०/ आता पहिल्या पोस्टमधल्या नव्या यंत्राकडे पुन्हा पाहता येईल. गंजू नये म्हणून टेबलावर लावलेले वंगण रॉकेलने पुसून त्यावर मेणाचा हलका हात दिला जातो. बाजूचे पंख सरळ पट्टी टेकवून मुख्य टेबलाशी एका पातळीत आणले जातात. इथे व्हिटवर्थचा सपाटपणा कामी येतो. मग विजेची जोडणी काढून ठेवून चक्रीच्या एका दात्यावर खूण केली जाते. कॉम्बिनेशन गुण्या खाचेत टेकवून त्याच दात्याचे अंतर आधी पुढे, मग चक्री फिरवून मागे मोजले जाते.

३१/ हा गुण्याही इतिहासातलाच. लरॉय स्टॅरेटने मॅसॅच्युसेट्समध्ये १८७९ साली त्याचे पेटंट घेतले. दोन्ही मापांत फरक आढळल्यास टेबलाचे तीन बोल्ट सैल करतात, चौथा अंगाबरोबर ठेवतात आणि लाकडी हातोड्याने टेबल हलकेच सरकवतात. फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आत येईपर्यंत हे चालते. नंतर मार्गदर्शक खाचेला समांतर आणायचा. तो मागच्या टोकाला चक्रीकडे तर कधीच झुकू द्यायचा नाही. शेवटी ९० आणि ४५ अंशांचे थांबे तपासायचे आणि रायव्हिंग नाइफ चक्रीच्या रेषेत बसवायचा.

३२/ दात्याचा रंग, पेटीची ठेवण, कंपनीचे नाव हे सारे बदलत राहते. समांतर रेषा तीच राहते. ती चुकली की आधी लाकडावर जळकट डाग पडतात, मग लाकूड उसळते. बेंथमला वाटले होते की कौशल्य यंत्रात ठेवले की माणसाला काही शिकण्याची गरज उरणार नाही. अडीचशे वर्षांच्या अनुभवाने त्यात दुरुस्ती केली आहे. यंत्र अचूक कापते. ते अचूक आहे की नाही, हे पाहण्याचे काम अजूनही माणसाकडेच आहे. कारखान्यात त्यासाठी निरीक्षक होता. घरी तो मान आणि ती जबाबदारी गुण्या हातात धरणाऱ्याची आहे.